२६ इंची टायर २६ इंची रिमवर का चढत नाही? टायर-ट्यूबवरचे आकडे वाचायचे कसे

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि फोटोही मोठे करून बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. या ऐरोलीला राहतात, आईची जुनी लेडीज सायकल बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गंजत पडली होती ती पुन्हा चालू करायची आहे. सायकल २६ इंची म्हणून यांनी ऑनलाइन २६ × १.७५ चे दोन टायर आणि त्याच मापाच्या ट्यूब मागवल्या. घराजवळच्या सायकलवाल्याने बराच वेळ झटापट केली, स्क्रू-ड्रायव्हर घालून ओढलं, टायर काही चढला नाही, शेवटी तो म्हणाला की रिम वाकड्या झाल्यात, दोन्ही बदलून टाका. आता यांना विचारायचंय की रिम खरंच गेल्या का, टायरवर एवढे सगळे आकडे छापलेले असतात त्यातला खरा कुठला, आणि भावाची गियरची हायब्रिड आहे तर दोन्ही सायकलींना मिळून एकाच मापाच्या ट्यूब आणून ठेवता येतील का.

पहिलं उत्तर आधी देतो म्हणजे जीव भांड्यात पडेल. रिम बदलू नका. तुमच्या दुसऱ्या फोटोत जुन्या टायरच्या कडेला धुळीतून ३७-५९० असं दिसतंय आणि नवीन टायरच्या फोटोत ४७-५५९ आहे. हे दोन टायर वेगवेगळ्या चाकांचे आहेत, दोघांवर २६ लिहिलेलं असलं तरी. त्या रिमवर तो टायर चढणारच नव्हता, रिम सरळ असो नाहीतर वाकडी. रिम थोडी डुगडुगत असेलही, इतकी वर्षं पडून होती म्हणजे चाकाच्या तारा (स्पोक) सैल झाल्या असणार, पण ते बॅलन्सिंगचं काम झालं, त्यासाठी रिम फेकायची गरज नाही.

मी ठाण्यात सायकल रिपेअरिंग करतो, वडिलांच्या वेळेपासूनचा धंदा आहे, आणि ऑनलाइन खरेदी सुरू झाल्यापासून हा असला टायर हातात घेऊन येणारं गिऱ्हाईक नेहमीचं झालंय. चूक त्यांची नसते. इंचाचा आकडा बघून माणसाला वाटतं की हे माप आहे, आणि तिथेच सगळी गडबड होते.

हा २६ आकडा आला कुठून ते बघा. जुन्या काळी चाकाचं माप सांगायचे ते हवा भरलेल्या टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत, म्हणजे जमिनीपासून चाकाच्या टोकापर्यंतची उंची. आता टायर बारीक असेल तर तीच उंची गाठायला रिम मोठी लागते आणि टायर जाड असेल तर रिम लहान चालते. हिशेब करून बघा, ५९० मिमीची रिम घेतली आणि वरखाली ३५-३५ मिमी टायर धरला तर झाले ६६०. ५८४ ची रिम घेतली आणि ३८ चा टायर, परत ६६०. ५५९ ची रिम आणि ५० चा जाड टायर, ६५९. तिन्ही चाकं बाहेरून जवळपास २६ इंच, म्हणून तिघांचं नाव २६, आणि आत रिम तीन वेगळ्या. फ्रेंच लोकांनी हेच मिलिमीटरमध्ये केलं होतं, ६५०ए, ६५०बी, ६५०सी, पुढे ७००ए, ७००बी, ७००सी, आकडा बाहेरच्या उंचीचा आणि अक्षर टायर किती जाड त्याचं. त्यातलं ७००सी आज सगळीकडे दिसतं, तेव्हाच्या साधारण ३९ मिमीच्या टायरने ६२२ च्या रिमवर बरोबर ७०० भरायचं. आज त्याच रिमवर २५ चा टायर लावला तर चाक ७०० च्या बरंच खाली येतं तरी नाव ७००सीच राहिलंय. म्हणजे इंच काय आणि ७०० काय, ही आता आडनावं आहेत असं समजा, त्यावरून माणसाची उंची कळत नाही.

मग खरं माप कुठलं? मधे आडवी रेघ असलेले दोन आकडे, तेच. युरोपातल्या टायर आणि रिमवाल्यांच्या संस्थेने ही पद्धत बसवली, तिला ईटीआरटीओ म्हणतात, आणि पुढे ती आयएसओ ५७७५ म्हणून आंतरराष्ट्रीय झाली. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमध्ये, हवा भरल्यावरची. दुसरा आकडा रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, तोही मिमीमध्ये. ३७-५९० म्हणजे ३७ मिमी रुंद टायर, ५९० मिमीच्या बैठकीचा. दुकानात टायर घेताना बाकी कुठलंही अक्षर वाचलं नाहीत तरी चालेल, हे दोन आकडे वाचा, आणि त्यातही दुसरा जुळलाच पाहिजे, एका मिमीचीही सूट नाही.

सूट का नाही ते समजून घ्या, म्हणजे कोणी "थोडं ओढलं की बसतो" म्हणाला तर तुम्हाला उत्तर देता येईल. टायरच्या दोन्ही कडांच्या आत स्टीलची तार असते, घडी होणाऱ्या महाग टायरमध्ये तारेच्या जागी केव्हलारचा धागा असतो, आणि ही तार ताणत नाही, ताणू नये म्हणूनच ती घातलेली असते, नाहीतर हवेच्या दाबाने टायर रिमवरून निघून येईल. काचेची बांगडी चढवताना बांगडी मोठी होत नाही, आपण हात चिमटून लहान करतो, तसंच इथे. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो, टायर चढवताना समोरच्या बाजूची कड त्या खोलगटात दाबून घेतली की या बाजूला चार-सहा मिलिमीटरची ढील मिळते आणि तेवढ्यावर टायर आत जातो. तुमच्या केसमध्ये फरक होता ५९० वजा ५५९, म्हणजे ३१ मिमी व्यासात, घेरात धरला तर जवळजवळ दहा सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरची ढील कुठल्याच रिममध्ये नसते, स्क्रू-ड्रायव्हर घातला तर फक्त तार तुटते किंवा ट्यूब फाटते.

उलटं झालं तर जास्त वाईट, हे मुद्दाम सांगतो. मोठा टायर लहान रिमवर लगेच चढतो, हाताने चढतो, गिऱ्हाईकही खूश आणि दुकानदारही खूश. मग हवा भरली की टायर एका बाजूला फुगून बाहेर येतो आणि फटकन ट्यूब फुटते, ते दुकानात झालं तर नशीब, उतारावर झालं तर चाक जॅम होऊन माणूस हँडलवरून पुढे. ५९० आणि ५८४ मध्ये सहा मिमीचाच फरक आहे म्हणून तिथे ही चूक सगळ्यात जास्त होते, ५९० चा टायर ५८४ च्या रिमवर बसल्यासारखा वाटतो आणि चालवताना दगा देतो. टायर अगदी सहज, लिव्हर (टायर चढवायची पट्टी) न लावता लोळत चढला आणि कड सगळीकडे सारखी दिसत नसेल तर आधी आकडे परत बघा.

आता दुकानात जी भाषा चालते तिच्याबद्दल. आमच्याकडे माणूस येतो आणि म्हणतो "छब्बीस दीड द्या" किंवा "अठ्ठावीस दीड". १ ३/८ ला जुने मिस्त्री इंच तीन सूत म्हणतात. हे अपूर्णांकातलं लिखाण आणि दशांशातलं लिखाण यात गणिताने फरक नसला तरी रिम वेगळी असते. १ ३/८ म्हणजे हिशेबाने १.३७५, तरीही २६ × १ ३/८ चा टायर ५९० वर बसतो आणि २६ × दशांशवाले, म्हणजे १.५०, १.७५, १.९५, २.१२५, हे ५५९ वर, एमटीबीवाले, म्हणजे माउंटन बाइकचे. २६ × १ १/२, म्हणजे छब्बीस दीड, तो ५८४. आणि गंमत म्हणजे आता ज्याला २७.५ म्हणून नवीन साइज सांगून विकतात त्या एमटीबीची रिमही ५८४ च आहे, जुन्या ६५०बीचं नवीन बारसं.

२९ चंही तेच, २९ ची रिम म्हणजे ६२२, रोड बाइकची ७००सी तीच ६२२, फक्त टायर जाड असल्याने चाक बाहेरून २९ भरतं. भावाची हायब्रिड ७०० × ३५सी लिहिलंय तुम्ही, ती पण ६२२.

२८ मध्ये मात्र आपल्याकडे वेगळाच घोळ आहे. दूधवाल्याची, पाववाल्याची ती काळी उभी सायकल, रॉड ब्रेकची, तिचा टायर २८ × १ १/२, म्हणजे ४०-६३५. आणि परदेशी ब्रँडच्या सिटी सायकलवर २८ लिहिलेलं असतं ती ६२२. मध्ये १३ मिमी. जांभळी नाक्याच्या बाजूला किंवा कुठल्याही जुन्या बाजारात नुसतं "अठ्ठावीसचा टायर" मागितलात तर बहुतेक ६३५ च हातात पडेल, कारण तिथे वर्षानुवर्षं तोच खपतो, आणि ऑनलाइन मागितलात तर ६२२. अजून एक, आपले वडील-आजोबा "चोवीस इंची सायकल", "बावीस इंची सायकल" म्हणायचे ते फ्रेमच्या उंचीचं माप, चाक त्याला २८ चंच. आजोबांची चोवीस इंची सायकल म्हणून २४ चा टायर मागवला तर मुलांच्या सायकलचा येतो, हे झालेलं बघितलंय.

मुलांच्या नि फोल्डिंगच्या सायकलींचं पटकन सांगतो. २४ × दशांश म्हणजे ५०७, २४ × १ ३/८ म्हणजे ५४०. २० × दशांश म्हणजे ४०६, बीएमएक्स आणि बऱ्याच फोल्डिंग याच्यात येतात, २० × १ ३/८ किंवा १ १/८ म्हणजे ४५१. १६ × १.७५ म्हणजे ३०५ आणि १६ × १ ३/८ म्हणजे ३४९, ब्रॉम्प्टन नावाची महाग फोल्डिंग असते तिला हा लागतो. साध्या मुलांच्या सायकलींना जवळपास नेहमी दशांशवालेच असतात. आणि वेबसाइटवर २६टी, २७.५टी, २९टी असं लिहिलेलं असतं त्यातल्या "टी"ला काही अर्थ लावत बसू नका, त्यातून रिम कुठली ते कळत नाही, खाली डिटेलमध्ये ईटीआरटीओ आकडा दिला असेल तरच ऑर्डर करा, नसेल तर टायरच्या कडेचा फोटो शोधा, तोही नसेल तर सोडून द्या.

पहिल्या आकड्याकडे येतो, रुंदीकडे. इथे थोडी मोकळीक असते आणि ती किती, हे तुमच्या सायकलवर अवलंबून आहे, त्यामुळे मी इथून एक आकडा फेकून देऊ शकत नाही. तीन गोष्टी बघायच्या. रिमची आतली रुंदी किती, कारण साधारण टायर हा रिमच्या आतल्या रुंदीच्या दीडपट ते अडीचपट असला की बरा बसतो, १९ मिमीच्या रिमवर २८ पासून ५० पर्यंत खपून जातं. दुसरं, फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, आणि मागे चेनच्या बाजूला जागा किती. तिसरं मडगार्ड आणि ब्रेक, आपल्याकडच्या लेडीज सायकलला मडगार्ड टायरला अगदी चिकटून असतं, जाड टायर बसला तरी पावसाळ्यात चिखल अडकून चाक फिरत नाही. कुठल्याही बाजूला निदान पाच-सहा मिमी मोकळी जागा दिसायला हवी. फॅट टायरची सायकल बघा, २६ × ४.०, तिचा दुसरा आकडा ५५९ च असतो, म्हणजे कागदावर ती साध्या एमटीबीच्या रिमवर बसायला हवी, पण एवढ्या बारीक रिमवर चार इंचाचा टायर वळणावर लोळतो, आणि फोर्कमध्ये तर तो घुसतच नाही. तेव्हा दुसरा जुळला म्हणजे काम झालं असं नाही, पण दुसरा न जुळता पहिल्याचा विचार करण्यात अर्थच नाही.

तुमच्या ५९० मध्ये तसा फार विचार करायला वावच नाही, बाजारात बहुतेक ३७ चाच मिळतो, तोच घ्या. टायरवर २६ × १ ३/८ आणि ३७-५९० दोन्ही लिहिलेलं असेल, काही कंपन्या सोबत ६५०ए पण छापतात. तिघांचा अर्थ एकच.

आता ट्यूब. ट्यूब रबराची आहे, ती ताणते, त्यामुळे टायरला जेवढे कडक नियम तेवढे ट्यूबला नाहीत. म्हणून ट्यूबच्या डब्यावर एक आकडा नसतो, रेंज असते, २६ × १.७५/२.१२५ म्हणजे पावणेदोन ते दोनच्या जरा वर इंच रुंदीच्या टायरला चालेल, ७०० × ३५/४३सी म्हणजे ३५ ते ४३ ला. व्यासातही सूट असते, ६२२ ची ट्यूब ६३५ मध्ये घातली तर काही बिघडत नाही, ५५९ ची ट्यूब ५९० मध्येही बसते. रुंदीची मात्र काळजी घ्या. बारीक ट्यूब जाड टायरमध्ये फुगवली की रबर पातळ होतं आणि छोटासा काटाही पुरतो, आणि जाड ट्यूब बारीक टायरमध्ये कोंबली की आत घडी पडते, त्या घडीवर काही दिवसांनी चीर जाते, मग माणूस म्हणतो की काटा नाही खिळा नाही, पंक्चर कुठून झालं. तुमच्याकडे आलेली १.७५/२.१२५ ची ट्यूब ३७ च्या टायरला जाड पडेल. अडीनडीला घरी यायला चालेल, कायमची नको, १ ३/८ लिहिलेलीच घ्या. ट्यूब घालताना आधी दोन-चार पंप हवा भरून गोल करून घ्यायची, मग टायरमध्ये ठेवायची, आणि दुसरी कड चढवण्याआधी सगळीकडून बघायचं की ट्यूब कडेखाली चिमटली नाही ना. नवीन ट्यूब पहिल्याच दिवशी फुटली की लोक कंपनीला शिव्या देतात, मी बघितलेल्यांपैकी बऱ्याच ट्यूबना लिव्हरचा चावा असतो.

वॉल्वचं प्रकरण जरा नीट वाचा, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात. एक जुना देशी, ज्याच्या आत ती बारीक रबरी वालट्यूब असते आणि वरून नट आवळायचा, याला डनलॉप किंवा वुड्स वॉल्व म्हणतात, डब्यावर डी/व्ही. दुसरा मोटारसायकलसारखा जाड, आत पिन असलेला, तो श्रेडर, डब्यावर ए/व्ही. तिसरा बारीक लांब, टोकाला छोटी घुंडी असते ती सैल करून मग हवा भरायची, तो प्रेस्टा, डब्यावर एफ/व्ही. पहिले दोन जाडीला जवळपास सारखे, रिमला साडेआठ मिमीच्या आसपासचं भोक लागतं, त्यामुळे आईच्या सायकलला जुन्या वालट्यूबवाल्या ट्यूबच्या जागी श्रेडरची ट्यूब खुशाल टाका, उलट बरंच, वालट्यूब कुजण्याची कटकट संपते. प्रेस्टाचं भोक साडेसहाचं असतं. भावाच्या रिमला तुम्ही लिहिलंय तसं तेच आहे, त्यात जाड वॉल्व जाणारच नाही. आणि भोक मोठं करून देतो म्हणणारे भेटतात, पण बारीक रिममध्ये ड्रिल मारलं की तिथली भिंत कमजोर होते, मी ते काम घेत नाही. उलट, मोठ्या भोकात प्रेस्टा घातला तर तो हलत राहतो आणि वॉल्वच्या बुडाशी ट्यूब कापली जाते, त्यासाठी छोटी रबरी किंवा प्लॅस्टिकची रिंग मिळते ती घातल्याशिवाय चालवू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात: टायरचा दुसरा आकडा रिमशी तंतोतंत, पहिला आकडा जागेप्रमाणे, ट्यूब रुंदीच्या रेंजमध्ये, वॉल्व भोकाप्रमाणे.

जुन्या टायरवरचे आकडे पुसलेले असतील तर काय करायचं हा पुढचा प्रश्न येतोच, तुमचे सुदैवाने वाचता येतायत. आधी ओल्या फडक्याने टायरची कड पुसा, आकडे उठावदार असतात, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतात. नाही दिसले तर रिम बघा, स्टीलच्या रिमवर बऱ्याचदा वॉल्वच्या भोकाजवळ २६ × १ ३/८ असं ठोकलेलं असतं, गंजाखाली दबलेलं असलं तर घासकागद हलका मारा. अॅल्युमिनियमच्या रिमवर स्टिकर असतो, ६२२ × १९ असं काहीतरी, तिथे उलटं असतं हं, आधी व्यास आणि मग रिमची आतली रुंदी. तेही नसेल तर टायर काढून रिमच्या बाहेरच्या काठाला दोरा गुंडाळा, घेर मोजा, ३.१४ ने भागा म्हणजे बाहेरचा व्यास आला, त्यातून साधारण १२ मिमी वजा करा कारण रिमची भिंत दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिमी वर असते. आलेला आकडा ५५९, ५८४, ५९०, ६२२, ६३५ यातल्या ज्याच्या जवळ जाईल तो तुमचा. ५८४ आणि ५९० मध्ये मात्र या पद्धतीवर विसंबू नका, तिथे फरकच एवढासा आहे की दोरा थोडा सैल धरला तरी उत्तर बदलतं, सरळ चाक काढून दुकानात न्या आणि तिथे टायर लावून बघा.

टायरच्या कडेला अजून बरंच लिहिलेलं असतं. बाण असेल तर चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं ती दिशा, उलटा लावला तर काही आभाळ कोसळत नाही पण नक्षी ज्या दिशेच्या हिशेबाने केलेली असते तो हिशेब चुकतो. टीपीआय म्हणजे आतल्या कापडात इंचाला किती धागे, जास्त असले की टायर मऊ आणि हलका, आपल्या कामाला कमीवाला बरा, जाड असतो आणि कडा लवकर कापल्या जात नाहीत. ट्यूबलेस रेडी लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब घालून चालवता येतो, फक्त चढवायला घट्ट जातो.

मग दाब. टायरवर ४०-६५ पीएसआय असं जे छापलेलं असतं ते हवेच्या दाबाचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त. काही टायरवर बारमध्ये असतं, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि केपीएमध्ये असेल तर ३०० केपीए म्हणजे तीन बार, ४३ च्या जरा वर. या रेंजमध्ये नेमकं किती भरायचं ते तुमच्या वजनावर, रस्त्यावर आणि टायरच्या रुंदीवर आहे. ३७ च्या टायरला पंचावन्न-साठ किलोच्या माणसाने मागे ५० आणि पुढे ४५ पासून सुरुवात करावी असं मी सांगतो, मग बसून बघायचं. पाम बीच रोडसारख्या गुळगुळीत डांबरावर थोडी जास्त चालते, घोडबंदरला सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांतून जायचं तर जास्त हवेने हाडं खिळखिळी होतात आणि कमी हवेने खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमला आपटून दोन शेजारी-शेजारी चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. तशा जोडीने चिरा दिसल्या की काट्याला दोष देऊ नका, हवा कमी होती. पावसात ओल्या उतारावर, येऊरवरून खाली येताना वगैरे, मी पाच पीएसआय कमी ठेवायला सांगतो, पकड जरा बरी मिळते. पेट्रोल पंपावर श्रेडरमध्ये हवा भरता येते पण तिथला कॉम्प्रेसर गाड्यांसाठी असतो, सायकलच्या ट्यूबमध्ये जागा एवढीशी, दोन सेकंद जास्त धरलं की फुटते, त्यामुळे थोडं-थोडं करून भरा आणि मधे अंगठ्याने दाबून बघा. घरी मीटरवाला उभा पंप घेतलात तर दोन सायकली आहेत, वसूल होईल.

आता तुमचं नेमकं काम. आलेले ५५९ चे टायर परत जात असतील तर लगेच पाठवा, पण त्या सायकलवाल्याने ओढताना कडेला ओरखडे पाडले असतील किंवा तार वाकवली असेल तर बहुतेक परत घेणार नाहीत. तार वाकलेली असली तर तो टायर दुसऱ्या कोणाच्या एमटीबीलाही देऊ नका. नवीन घेताना ३७-५९० चे दोन, २६ × १ ३/८ श्रेडरच्या दोन ट्यूब, आणि रिमच्या आत बसवायची रबरी पट्टी दोन. ही पट्टी विसरू नका, सायकल एवढी वर्षं पडून होती म्हणजे जुनी पट्टी कडक होऊन तुटलेली असणार, आणि तिच्याखालून तारांची टोकं ट्यूबला टोचतात, आतल्या बाजूने पंक्चर होतं आणि शोधून सापडत नाही. रिमच्या आत गंज सोलून निघत असेल तर आधी घासून साफ करून घ्या. टायर चढवायच्या आधी चाकं बॅलन्स करून घ्या, रिकामी रिम सरळ करणं सोपं जातं. हे काम करताना जर मिस्त्री म्हणाला की एखाद्या ठिकाणी रिमची भिंतच गंजून पातळ झालीय, बोटाने दाबल्यावर दबतेय, तर तेव्हा रिम बदलण्याचं ऐका, ते खरं कारण आहे. फोटोत तसं दिसत नाही पण फोटोत सगळं दिसतही नाही.

भावाच्या सायकलचं. आईची ५९०, त्याची ६२२, रुंदी जवळपास सारखी, म्हणजे नुसतं रबर बघितलं तर एकाची ट्यूब दुसऱ्याला ओढूनताणून बसली असती. पण वॉल्वमुळे अडतं, त्याच्या रिमला तुम्ही लिहिलंय तसं बारीक भोक आहे, तेव्हा दोघांच्या ट्यूब वेगळ्याच ठेवा. त्याच्यासाठी ७०० × ३५/४३सी एफ/व्ही. वॉल्वची लांबी बघून घ्या, ४०, ४८, ६०, ८० अशा येतात, साध्या रिमला ४८ पुरते, पण त्याची रिम उंच भिंतीची असेल तर ४८ चं टोक एवढंसं बाहेर राहतं की पंपाचं तोंड पकडतच नाही, मग ६० ची घ्या. जुन्या ट्यूबचा वॉल्व रिमच्या बाहेर किती येतोय ते पट्टीने मोजा, दीड सेंटिमीटरच्या वर असेल तर आहे तीच लांबी परत मागवा.